बिनकैरीचं वरण

त्या दवाखान्यात माझं काम बोलण्याचं होतं. केसपेपर मिळायच्या खिडकीजवळ एक लाकडी बाक होता, त्यावर मी बसायचे. डोंगरापलीकडच्या, नाल्यांपलीकडच्या गावांतून जी माणसं यायची, त्यांतल्या पुष्कळांना फक्त माडिया यायची. असं कोणी आलं की मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत जायचे. त्यांचं दुखणं मराठीत सांगायचे आणि डॉक्टरांचं म्हणणं माडियात. सुई टोचणं, गोळ्या देणं माझ्याकडे नव्हतं. तरी घरी जाताना घसा बसलेला असायचा.

मी स्वतः माडिया गोंड. माझा जन्म गडचिरोलीच्या डोंगरातला. लग्न झालं ते जंगलखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाशी. तोही गोंडच, पण त्यांच्या घरात आजोबापासून मराठीच बोलली जायची. लग्नानंतर आम्ही बरीच वर्षं आरमोरीला होतो. तिथं धानाच्या बांध्या होत्या, बाजार होता, शाळा होती, पण माझ्या बोलीचं कोणी नव्हतं. मुलं मराठीत वाढली. मी माडियात बोलायचे ती कोंबड्यांशी, नाहीतर विळ्यानं बोट कापलं तर. मग नवऱ्याची बदली जंगलाच्या काठावरच्या त्या तालुक्याच्या गावी झाली आणि तिथल्या दवाखान्याला माडिया बोलणारी बाई हवी आहे असं कळलं.

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला एका म्हाताऱ्याशेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "याला विचारा, खोकला कधीपासून आहे." मी तोंड उघडलं आणि शब्दच येईनात. तो म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानंच हळूच विचारलं, "कोणत्या गावची वो तू?" मी गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आणि त्यामागून बाकीचे शब्द एकेक करून आले. उन्हाळ्यात बंद पडलेला झरा पावसाळ्यात पुन्हा वाहायला लागतो तसं काही झालं नाही. ते अडखळत, चुकत आले. म्हातारा मध्येमध्ये माझा शब्द दुरुस्त करत होता, आणि त्यातच त्याचा खोकला कधीपासूनचा ते समजलं.

डॉक्टरबाई नाशिककडच्या. माझ्याहून लहान, पण मी त्यांना बाईच म्हणायचे आणि त्या मला ताई म्हणायच्या. त्यांना घाई करायची सवय नव्हती. आमची माणसं दुखणं सांगताना कुठं दुखतं हे आधी सांगत नाहीत. ते सुरू झालं तेव्हा आपण कुठं होतो, काय करत होतो, बरोबर कोण होतं, तिथपासून सांगतात. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मुद्द्याचं सांगा. या बाई पेन खाली ठेवून ऐकायच्या. वॉर्डातल्या काही उंच लोखंडी खाटा त्यांनी काढायला लावल्या होत्या, कारण उंचावर झोपायची आमच्या लोकांना भीती वाटते. तिथं चटया असायच्या. मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली टिनाचं छप्पर घालून चुली मांडून दिल्या होत्या. ज्याला आपल्या माणसासाठी आपल्या हातचं काही शिजवायचं असेल त्यानं शिजवावं. सकाळी त्या चुलींचा धूर वॉर्डाच्या खिडक्यांतून आत यायचा आणि कोणीही खिडक्या लावायचं नाही. आज माझ्या डोळ्यांसमोर तो दवाखाना येतो तो त्या धुरासकट.

एका चैत्रात तिथं एक म्हातारी आली. मोहफुलं वेचायला पहाटे गेली होती. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन नाला उतरताना दगडावरून पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. गावच्या लोकांनी तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून पुढं गाडीनं. बरोबर तिची सून होती. ही सून फार कमी बोलायची. सासूच्या उशाशी बसून राहायची, आणि तिला काही विचारलं की आधी सासूच्या तोंडाकडे बघायची.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऑपरेशन करावं लागेल, त्यासाठी चंद्रपूरला न्यावं लागेल." मी ते सांगितलं. म्हातारीनं विचारलं, "चंद्रपूर इथून अजून लांब हाय का?"

"हो, लांब आहे."

"मंग नाई. इथीच आली तेच बहुत लांब आली मी."

बाईंनी ऑपरेशनचे फायदे सांगितले, धोकेही सांगितले. मी एकही गोष्ट न गाळता ते सगळं माडियात सांगितलं. ऐकून घेऊन म्हातारीनं पुन्हा मान हलवली. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पायाला वजन बांधून ठेवू. हाड हळूहळू धरेल, पण पाय जरा आखूड राहील आणि पुष्कळ आठवडे पडून राहावं लागेल. चालेल का विचारा." चालेल, असं म्हातारी म्हणाली. चटईच्या पायथ्याशी लोखंडी चौकट ठेवून, पायाला पट्टी बांधून तिच्यावरून दोरीनं वजन सोडलं, तेव्हा ती मला म्हणाली, "बैल बांधते तसं बांधलं मले. बैलाले निदान चारा तरी समोर टाकते." आम्ही दोघी हसलो.

हे सगळं बोलणं माडियातलं आहे. मी ते आमच्या इकडच्या मराठीत लिहिते आहे, कारण माझी बोली लिहायची मला सवय नाही.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, "किती देवाची तू?" आमच्यात कुळं देवांच्या आकड्यावरून ओळखतात, चार देवांची, सहा देवांची, अशी. मी सांगितलं, सात. "मी बी जन्माची सातचीच," ती म्हणाली. "म्हंजे मी तुही आत्या झाली." त्या दिवसापासून मी तिला आत्या म्हणू लागले. तिचं गाव माझ्या माहेरच्या गावाहून एका डोंगराच्या अंतरावर. माझे आईबाप केव्हाच गेले होते. भाऊ बायकोमुलांसह तेलंगणात मिरची तोडायला गेला तो तिकडंच राहिला. गावात आमचं घर होतं तिथं आता नुसता ओटा राहिला आहे असं ऐकून होते. आत्याला ते घर आठवत होतं. अंगणात चिंच होती, विहीर नव्हती, पाणी नाल्यावरून आणावं लागे, हे सगळं तिनं मला सांगितलं. हे सगळं मला माहीतच होतं. पण माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते माहीत आहे, हेच मी विसरून गेले होते. दुपारी बाक रिकामा असला की मी तिच्याशेजारी चटईवर जाऊन बसायचे.

पहिले काही दिवस ती नीट जेवली. दवाखान्याचं वरण-भात, भाजी, सुनेनं चुलीवर केलेली पेज. मग अचानक जेवण सुटलं. ताट आलं की भाताचे दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. वरणाला हात लावायची नाही. सिस्टरांनी विचारलं, मी विचारलं, तिचं एकच उत्तर, "भूक नाई." रक्त आधीच कमी होतं, पाठीला जखमा होतील ही भीती होती. बाईंनी सलाईन लावलं. मला म्हणाल्या, "ताई, ती तुमच्याशी बोलते. बघा काही कळतं का."

दुपारी मी तिच्या ताटाजवळ बसले. सून अंगणात गेली होती. मी वरण कालवून घास पुढं केला. तिनं तोंड फिरवलं नाही, पण उघडलंही नाही. वरणाच्या वाटीत कैरीची फोड होती. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच वरणात कैरी घालतात. तिनं त्या फोडीकडे बघितलं आणि मला विचारलं, "तुह्या गावी पंडुम झाला का?"

मी म्हणाले, "आत्या, मी आता इथं राहते. आधी आरमोरीला होते."

"आरमोरीचं नाई विचारून राह्यली. तुह्या गावी."

मला माहीत नव्हतं. कित्येक वर्षं मी ते कोणाला विचारलंही नव्हतं. पंडुम म्हणजे सण. नवं फळ, नवं धान्य आधी देवाला द्यायचं, गावानं मिळून सण करायचा, मग तोंडात घालायचं. कैऱ्या झाडाला लागतात, पोरं खालून बघत राहतात, पण गावचा आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय कोणी तोडत नाही. लहानपणी माझ्या तोंडाला त्या कैऱ्या बघून पाणी सुटायचं आणि आई डोळे वटारायची. आरमोरीच्या बाजारात कैरी दिसली की मी घ्यायचे, चिरायचे, वरणात टाकायचे. मनात काही यायचंही नाही.

मी हे आत्याला सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "तू लांब गेली. तुले नाई लागत." आणि पुढं म्हणाली, "मी त अजून त्याच गावची हाय ना. मी इथी कैरी खाल्ली, म्हंजे मी गावाले परत नाई चालली असं झालं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या "तुले नाई लागत" या शब्दांनी मला जे झालं ते सांगता येत नाही. कोणी आपल्याला शिक्षा न करता मोकळं सोडावं आणि त्या मोकळेपणात आपल्याला एकदम थंडी वाजावी, तसं काहीतरी.

मी डॉक्टरबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांना पंडुम माहीत होता, पण तो कैरीच्या फोडीपर्यंत येतो हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही कुठं आलं होतं? एखादा डॉक्टर म्हणाला असता, तिला समजावा, औषध समजून खा म्हणावं. बाईंनी विचारलं, "वरणाशिवाय आणखी कशात घालतात कैरी?" आणि माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आल्या.

स्वयंपाकघर एका मुसलमान बाईंच्या हातात होतं. त्यांना आम्ही सगळे खाला म्हणायचो. त्यांच्या नवऱ्याचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. खालाचा हात मोठा, आवाज त्याहून मोठा. कोपऱ्यात दोन-तीन दिवसांपूर्वी आलेल्या कैऱ्यांचं अर्धं पोतं होतं. बाईंनी काय झालं ते सांगितलं तेव्हा खाला पोत्याकडे बघत राहिल्या.

"दोन दिवसापासून वरन उरून राह्यलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं मीठ जास्त झालं का काय. म्या त मीठ कमी करून राह्यलती."

मग बाईंना म्हणाल्या, "इसमें सोचने का क्या हाय, मॅडम. रमजानमध्ये दिवस बुडाल्याबिगर आम्ही नाई खात. यांचा दिवस अजून बुडाला नाई, एवढंच."

संध्याकाळच्या वरणात कैरी नव्हती. खालांनी अंबाडीचा पाला घालून वरण केलं आणि ते स्वतः घेऊन वॉर्डात आल्या. मला म्हणाल्या, "सांग तिले, नवा हंडा हाय, कैरीची पळी बी लागली नाई याले." मी सांगितलं. आत्यानं खालाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हात पुढं केला. त्या दिवशी ती वाटी पुसून जेवली. आणि तिच्या पलीकडच्या चटईवरचा दम्याचा म्हातारा, भिंतीजवळची बाळंतीण, दोघांनी वरण मागून घेतलं. त्यांनीही दोन दिवस तोंड लावलं नव्हतं. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर एक वेगळाच प्रकार सुरू झाला. पंडुमाचा दिवस प्रत्येक गावचा वेगळा. गावचा पुजारी, ज्याला आम्ही पेरमा म्हणतो, तो आणि गावची मोठी माणसं बसून ठरवतात. त्यामुळं आज कोणी कैरी खायचं आणि कोणी नाही, हे रोज बदलायचं. खाला सकाळी आल्या की बाकाजवळ थांबायच्या. "आज कोनत्या गावचा झाला गं?" मी बाहेरगावाहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारून ठेवायचे. शेवटी त्यांनी दोन हंडे ठेवले, एक कैरीचा, एक बिनकैरीचा, आणि बिनकैरीच्या हंड्याच्या कानाला हिरवी चिंधी बांधली. मला त्या विचारण्याचा एवढा नाद लागला की घरीही मी नवऱ्याला सांगायचे, अमुक गावचा काल झाला, तमुक गावचा बुधवारी आहे. तो म्हणायचा, "तू त आता तहसीलदार झाली." मी घरच्या वरणात कैरी घालणं बंद केलं होतं. त्यानं ते ओळखलं, पण विचारलं नाही.

आत्याच्या गावचा पंडुम झाला तेव्हा ती पायाला वजन लावून छताकडे बघत पडली होती. त्या दिवशी ती माझ्याशीही फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आता ढोल वाजून राह्यला असंन." दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मुलगा आला. पळसाच्या पानांचा एक पुडा त्यानं पागोट्याच्या कापडात बांधून आणला होता. आत कैऱ्यांच्या फोडी होत्या, थोड्या सुकलेल्या, मीठही नसलेल्या. देवाच्या ठाण्यावरच्या. त्यानं पुडा आईच्या हातात दिला. तिनं एक फोड कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. आंबटानं तिचे डोळे मिटले. सुनेनं खाल्ली. मग तिनं एक फोड माझ्यापुढं धरली.

मी मागं सरकले. म्हणाले, "माझ्या गावचा झाला की नाही मला अजून कळलं नाही."

"तुह्या गावी तुले बलावणारं कोन हाय आता?" ती म्हणाली. "सात देवाची हायस ना? आत्याच्या गावचं खाय."

मी ती फोड खाल्ली. वॉर्डात पंखा फिरत होता, सिस्टर कोणाचा तरी ताप बघत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आंबटाचं आहे असं मी सुनेला सांगितलं. ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली.

पाऊस लागायच्या आधी आत्या घरी गेली. हाड धरलं होतं, पाय आखूड राहिला होता. काठीच्या आधारानं ती गाडीपर्यंत गेली. खाला पायरीवर उभ्या होत्या. आत्या मला म्हणाली, "पुढच्या पंडुमाले येजो. अशी दवाखान्यात नाई, घरी."

मी गेले. बसनं, मग कोणाच्या तरी मोटारसायकलवर, मग पायी. तिच्या सुनेनं माझे पाय धुतले, माहेरी आलेल्या बाईचे धुतात तसे. बायकांच्या रांगेत मला बसवलं. कोणी विचारलं, ही कोण, तर आत्या सांगायची, "माही भाची. लांब दिली होती." दिवसभर माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द निघाला नाही. दुसऱ्या दिवशी ती मला काठी टेकत गावच्या शिवेपर्यंत सोडायला आली, आणि तिथून तिनं डोंगराच्या पलीकडे हात केला. म्हणाली, "त्या बाजूले तुहं गाव." मी तिकडं गेले नाही. परतीची बस होती, आणि नुसता ओटा बघायचं धैर्यही नव्हतं.

ती एकच वेळ. त्यानंतर नवरा निवृत्त झाला आणि मुलीला चंद्रपूरला नोकरी लागली. तिचं लेकरू सांभाळायला आम्ही तिच्याकडे आलो. डॉक्टरबाई अजून तिथंच आहेत. बाकावर आता दुसरी मुलगी बसते, माझ्याहून चांगली माडिया बोलते असं ऐकते, आणि ते ऐकून बरं वाटतं. आत्या दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. तिच्या घरात, चटईवर. सुनेचा फोन आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. डोंगरावर चढल्याशिवाय तिथं रेंज मिळत नाही. आम्ही गॅलरीत उभं राहून, म्हणजे मी गॅलरीत आणि ती डोंगरावर, पुष्कळ वेळ बोललो. मधूनमधून नुसता वारा ऐकू यायचा. तरी मी फोन ठेवत नव्हते.

इथं माझ्या गुडघ्यांसाठी मी मोठ्या दवाखान्यात जाते. डॉक्टर चांगले आहेत, मराठीत विचारतात, मी मराठीत सांगते. काही अडत नाही. पण नंबर येईपर्यंत मी रांगेतल्या बायकांचे चेहरे बघत असते. कपाळावरचं, हातांवरचं गोंदण बघते, कान देते.

परवा एक म्हातारी बाकाच्या टोकाला एकटीच बसली होती. हातभर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा. बरोबरचं माणूस औषधं आणायला गेलं असावं. मी तिच्याजवळ सरकले आणि माडियात विचारलं, कोणत्या गावची. तिनं माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलली. मला ते कळलं नाही. मी मराठीत विचारलं, तिला ते कळलं नाही. ती कोलाम असावी, जिवतीच्या डोंगराकडची. त्यांची बोली वेगळी. आम्ही दोघींनी पुन्हा पुन्हा बोलून बघितलं आणि मग सोडून दिलं. थोड्या वेळानं तिनं अंगठा ओठांजवळ नेला आणि म्हणाली, "ईर."

आमच्यात पाण्याला एर म्हणतात.

मी उठले, गुडघा धरून, आणि कोपऱ्यातल्या नळावरून तिला पाणी आणून दिलं.